आवक-जावक

2025 च्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला जी येते (तिचं नाव लिहीत नाही, आजचा विषयच असा आहे की तिचं नाव लिहिलं तर मी स्वतःच खोटी पडेन), ती त्या दिवशी परात काढायच्या आधी मोबाइल घेऊनच माझ्यापुढे उभी राहिली. "बाई, माझा हप्ता नाही आला. शेजारच्या तिघींना राखीच्या आधी आला. मला जूनचाही नाही आणि हा पण नाही."

हप्ता म्हणजे लाडक्या बहिणीचा. परदेशातल्या आमच्या भाचरांसाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र सरकारने जून 2024 मध्ये ही योजना जाहीर केली. 21 ते 65 वयाच्या बाईला महिन्याला दीड हजार रुपये थेट तिच्या खात्यात. अटी अशा की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कुणी आयकर भरणारा नको, सरकारी नोकरी नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. हिचं कार्ड केशरी. नवरा इथे तेलाच्या डेपोतून निघणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर, एका वाहतूकदाराकडे, महिना पंधरा हजार. हिच्या तीन घरच्या पोळ्यांचे पाच हजार. म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. काठावर, पण आत.

आधी वाटलं खात्याचा काही घोळ असेल. खातं आधारला जोडलेलं होतं. रेशनकार्ड जागेवर. मग ती अर्धा दिवस कामं बुडवून एका कार्यालयात जाऊन आली. तिथे सांगितलं, "वरून बंद झालंय." का बंद झालं? "वरून." मी छत्तीस वर्षं शाळेत नोकरी केली, त्यामुळे या "वरून"ची मला चांगली ओळख आहे. वरून आलेल्या गोष्टीला कारण नसतं, तारीख असते फक्त.

त्याच सुमारास पेपरात वाचलं होतं. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जुलै 2025 च्या अखेरीस सांगितलं की वेगवेगळ्या खात्यांकडून आलेल्या माहितीवरून सुमारे 26 लाख 34 हजार लाभार्थी अपात्र दिसत आहेत आणि जून महिन्यापासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. त्याआधी, जूनमध्ये, आयकर खात्याकडची माहिती पडताळणीसाठी राज्याला मिळणार असल्याची बातमी आली होती. ती वाचून मी पान उलटलं होतं. आपला काय संबंध?

मी तिला म्हटलं, "नवऱ्याचं पॅनकार्ड आहे का गं?" "आहे की. कर्ज काढलं होतं ना खोली वाढवायला, तेव्हा लागलं होतं."

तिथेच सगळं उलगडलं. म्हणजे, उलगडलं असं मला वाटतं. माझा एक जुना विद्यार्थी कराची कामं करतो, त्याला बोलावलं. नवराही आला, टोपी हातात धरून, जसा काही मी त्याला वर्गाबाहेर उभं करणार आहे. आयकराच्या साइटवर त्याचं खातं होतं, पण त्यावर मोबाइल नंबर कुणा तिसऱ्याचाच. आधारच्या ओटीपीवर नवा पासवर्ड करून आत गेलो तर एक विवरणपत्र भरलेलं. 2023-24 या कर आकारणी वर्षाचं. फॉर्म नंबर चार, ज्याला सरकारनं "सुगम" असं गोड नाव दिलंय. धंद्याचं उत्पन्न चार लाख ऐंशी हजार. कर शून्य, कारण पाच लाखांच्या आत सूट मिळून कर लागत नव्हता.

"कसला धंदा रे तुझा?" मी विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. कर्ज मिळवून देणारा एजंट म्हणाला होता की आयटीआर लागतो, पॅन दे, आधार दे, फोनवर आकडा येईल तो सांग. यानं सांगितला. कर्ज मिळालं, विटा चढल्या, हप्ते फिटताहेत. त्या आकड्यानं सरकारदरबारी त्याचा पगार अडीच पटीहून जास्त वाढला, हे त्याला दोन वर्षांनी माझ्या ओसरीवर कळलं.

तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. सही करताना वाचायचं असतं हे मी पोरांना आयुष्यभर शिकवलं, आणि कर्ज मिळावं म्हणून आकडा फुगवायचा ही लबाडी आहे, ती एजंटाची असो की त्याची. विद्यार्थ्याला विचारलं, आता हे दुरुस्त करता येईल का? तो म्हणाला, सुधारित विवरणपत्राची मुदत केव्हाच संपली. नंतर भरायचं एक "अद्ययावत" विवरणपत्र 2022 पासून निघालंय, पण ते उत्पन्न वाढवून सांगायला आणि जास्त कर भरायला. कमी करून सांगायला नाही. म्हणजे दार एकाच बाजूला उघडतं.

आणि मुख्य गोष्ट, हेच कारण असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित कुणा वेगळ्या खात्याच्या यादीत दुसरंच काही निघालं असेल. तिला कुणी लिहून दिलेलं नाही. आम्ही तिघांनी मिळून ओसरीवर बसून जे ताडलं ते एवढंच.

आता माझं स्वतःचं सांगते, म्हणजे फरक कळेल.

मी पेन्शनर, त्यामुळे दर वर्षी विवरणपत्र भरते. नोव्हेंबर 2021 पासून आयकर खात्यानं प्रत्येकासाठी एक पत्रक उघडं केलं, वार्षिक माहिती पत्रक, सगळे त्याला एआयएस म्हणतात. माझ्या त्याच विद्यार्थ्यानं मला ते पहिल्यांदा दाखवलं. फाइल उघडायला पासवर्ड लागतो तो आपला पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. उघडलं आणि मी गप्पच झाले. पेन्शन होती, ते ठीक. बँकेतल्या ठेवींचं व्याज होतं. बचत खात्याचं होतं, रुपयांपर्यंत. आमच्या ह्यांनी फार वर्षांपूर्वी घेतलेले काही शेअर त्यांच्यामागे माझ्या नावावर झाले, त्याचा त्रेचाळीस रुपये लाभांश होता. त्रेचाळीस! मला त्याचा पत्ता नव्हता, दिल्लीला होता.

आणि एक एकतीस हजारांचं व्याज होतं जे माझं नव्हतंच. माझ्या नणंदेची ठेव. तिला बँकेत जायला जमत नाही म्हणून खात्यात माझं नाव पहिलं लावलेलं, पैसे सगळे तिचे. बँकेला काय, पहिलं नाव दिसलं, पॅन दिसला, कळवून मोकळी.

हे सगळं जातं कसं? लोकांना वाटतं कुणी पाळत ठेवतंय. तसं काही नाही, सरळ नियम आहेत. आयकर कायद्याप्रमाणे बँका, पोस्ट, म्युच्युअल फंड, दुय्यम निबंधक या सगळ्यांना ठरावीक रकमेच्या वरचे व्यवहार दर वर्षी कळवावे लागतात. 1962 च्या नियमांत 114ई नावाचा नियम होता, त्यात रकमा दिल्या होत्या. बचत खात्यात वर्षात दहा लाख रोख भरले, दहा लाखांची मुदत ठेव केली, तीस लाखांच्या जमिनीचं खरेदीखत केलं, क्रेडिट कार्डाचं लाखभराचं बिल रोखीनं भरलं, की कळवा. आमच्या लोणी काळभोरला गेल्या वीस वर्षांत ऊसाच्या रानाचे प्लॉट होताना मी पाहिले आहेत. तेव्हा या तीस लाखांच्या नियमातून इथे किती नावं दिल्लीला गेली असतील याचा हिशेब करायला नको. व्याजाला आणि लाभांशाला तर अशी मोठी मर्यादाही ठेवली नाही, म्हणून माझे त्रेचाळीस रुपये पोचले.

त्याबद्दल माझी तक्रार नाही बरं का. पगारदार माणसाचा कर कायम पगारातूनच कापला गेला. मोठ्या माणसांचं मात्र कुणाला दिसत नव्हतं. आता थोडं तरी दिसतं. मला राग येण्याऐवजी खरं तर जरा बरंच वाटलं.

कारण त्या पत्रकात प्रत्येक ओळीपुढे आपलं म्हणणं सांगायची सोय आहे. माहिती बरोबर आहे, दुसऱ्या पॅनची आहे, दोनदा आली आहे, मला मान्य नाही, असं काहीतरी निवडायचं. नणंदेच्या ठेवीपुढे मी कळवलं की हे उत्पन्न माझं नाही. एखाद्या मुलानं उठून "बाई, माझा एक मार्क चुकलाय" म्हणावं आणि बाईंनी पेपर परत बघावा, तसं. ही चांगली रीत आहे. सरकारनं आपल्याविषयी काय गोळा केलं ते आपल्याला दाखवायचं आणि चूक असेल तर बोलू द्यायचं.

पण शाळेच्या ऑफिसात जे बसले आहेत त्यांना माहीत असेल, तिथे दोन रजिस्टरं असतात. आवक आणि जावक. काय आलं ते एकात, काय गेलं ते दुसऱ्यात. आलेल्या पत्राला नंबर, गेलेल्या पत्रालाही नंबर. जावक रजिस्टर न ठेवणाऱ्या क्लार्कला तपासणीत काय ऐकून घ्यावं लागतं ते मी पाहिलंय. आयकर खात्यानं मला माझी आवक दाखवली. जावक कुठे आहे?

कारण जावक होतेच. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 138 होतं (1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या 2025 च्या कायद्यातही ही वाट ठेवलेली आहे, नंबर तेवढा बदलला). या कलमानं करदात्याची माहिती दुसऱ्या कर खात्यांना आणि परकीय चलनाचं काम बघणाऱ्यांना देता येते. शिवाय केंद्र सरकारला जनहिताचं वाटेल त्या कोणत्याही अधिकाऱ्याचं किंवा संस्थेचं नाव राजपत्रात छापलं की त्यांनाही देता येते. जुलै 2020 मध्ये सेबीबरोबर, लघुउद्योग मंत्रालयाबरोबर आणि सीमाशुल्क-जीएसटीच्या मंडळाबरोबर असे करार झाले. शेतकऱ्यांच्या पीएम-किसानमध्ये आयकर भरणारे अपात्र, तेव्हा तिथेही ही माहिती गेली आणि मागे पैसे परत करा म्हणून तहसीलमधून नोटिसा निघाल्या. आमच्या हवेली तालुक्यातल्या लोकांना ते आठवत असेल. फेब्रुवारी 2025 मध्ये मोफत धान्याच्या योजनेतून अपात्र लोक काढायला अन्न खात्याला माहिती द्यायचं ठरलं. मग आली लाडकी बहीण.

या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे आपण केलेलं पॅन-आधार लिंक. 2017 साली कायद्यात तसं कलम घातलं. माझ्या पॅनवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, त्यामुळे मला तीन वेळा खेटे घालावे लागले, तेव्हा नुसता वैताग आला होता, अर्थ नाही कळला. योजनेच्या यादीत आधार असतो, कराच्या यादीत पॅन. दोन्ही एकमेकांना बांधले की कुठलीही यादी कुठल्याही यादीवर ठेवून बघता येते. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 च्या आधारच्या निकालात बँक खाती आणि मोबाइलला आधारची सक्ती काढली, पॅनची मात्र ठेवली.

गंमत पाहा. 2012 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्या अकोल्यातल्या एका अधिकाऱ्याचं प्रकरण होतं. माहितीच्या अधिकारात कुणीतरी त्याची विवरणपत्रं मागितली होती. न्यायालय म्हणालं, विवरणपत्र ही त्या माणसाची वैयक्तिक माहिती आहे, मोठं जनहित दाखवल्याशिवाय देता येणार नाही. म्हणजे मी शेजाऱ्याचं मागितलं तर ते खाजगी. एका खात्यानं दुसऱ्या खात्याला ढिगानं दिलं तर तो कारभार.

पूर्वी असं नव्हतं, हे मलाही विद्यार्थ्यानं सांगितल्यावरच कळलं. इंग्रजांच्या 1922 च्या आयकर कायद्यात करदात्यानं दिलेली माहिती गुप्त ठेवायची असं साफ लिहिलं होतं, फोडणाऱ्या नोकराला शिक्षा होती. 1961 च्या आपल्या कायद्यातही तसं कलम आलं, 137 नंबरचं. ते फार काळ टिकलं नाही. 1964 साली, टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना, काढून टाकलं. मी तेव्हा शाळेत होते, गणितात नापास होण्याच्या भीतीत. 137 गेलं, 138 राहिलं. सांगू नये हा नियम गेला, सांगावं हा वाढत गेला.

हे वाचताना मला 1981 आठवलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत मला जनगणनेची ड्यूटी होती. पुढे 1991 ला आणि 2001 लाही होती, पण पहिली ती पहिली. एकतीस वर्षांची होते, धाकटा कडेवर होता, त्याला सासूबाईंकडे ठेवून मळ्यातल्या वस्त्या करत फिरायचे. एका गुऱ्हाळावर गेले. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळत होता, मालक म्हातारा बाजेवर. नाव सांगितलं, माणसं सांगितली, जनावरं न विचारता सांगितली. मग मी काम काय, धंदा काय असं लिहायला लागले तसा म्हातारा थांबला. "बाई, हे इन्कम टॅक्सवाल्याला तर नाही ना कळायचं?"

आता शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याची भीती आकड्याची नव्हती, कागदाची होती. मी त्याला आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं तसंच सांगितलं. जनगणनेचा 1948 चा कायदा आहे, त्याचं पंधरावं कलम असं की हा कागद कुणालाही बघायला मिळणार नाही, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालणार नाही. तो म्हणाला, "ते कलम राहू द्या. तुम्ही सांगता का?" मी म्हटलं, "मी सांगते." मग त्यानं सगळं सांगितलं, आणि वर पातेलीभर रस दिला.

तो शब्द पाळला गेला. ते कलम अजून आहे. माणूस खरं बोलावा म्हणून सरकारनं त्याला दिलेलं ते वचन होतं, ज्या कामासाठी विचारतोय त्याच कामासाठी वापरू. एका मास्तरणीनं गुऱ्हाळावर उभं राहून सरकारच्या वतीनं शब्द द्यावा आणि सरकारनं तो पाळावा, यात मला अजूनही अभिमान वाटतो.

पोळ्यावालीच्या नवऱ्याला असा शब्द कुणी दिला नव्हता, हे खरं. पण त्याला उलटंही कुणी सांगितलं नव्हतं. सुगमच्या फॉर्मवर कुठे लिहिलेलं नाही की हा आकडा पुढे तुझ्या बायकोच्या दीड हजारांना लावून पाहिला जाईल.

इथे कुणीतरी म्हणेल, मग पडताळणी करूच नये का? करावी. दोन हजारांहून जास्त सरकारी नोकरीतल्या बायकांनी हे पैसे घेतल्याचं 2025 मध्ये उघड झालं. मला लाज वाटली. चौदा हजारांवर पुरुषांच्या नावावर पैसे गेल्याची बातमी आली. तो पैसा माझ्या-तुमच्या करातलाच. याद्या एकमेकींवर ठेवून बघण्याला माझा विरोध नाही, घरोघर तलाठी पाठवून चौकशी करण्यापेक्षा त्यात त्रास कमी आणि चिरीमिरीही कमी.

माझं म्हणणं त्या पुढच्या पावलाविषयी आहे. केशरी कार्ड म्हणतं ही गरीब, सुगम म्हणतं ही सुखवस्तू. दोन्ही सरकारीच कागद. दोघांचं भांडण लागलं तर निदान जिच्या घरावरून लागलं तिला बोलवायला नको? मला त्रेचाळीस रुपयांसाठी विचारतात, "मान्य आहे का?" तिला वर्षाच्या अठरा हजारांसाठी कुणी विचारलं नाही. माझ्याकडे पेन्शन आहे, शिकलेला विद्यार्थी आहे, कॉम्प्युटर आहे. ज्याला सोसवतं त्याला सूचना आणि ज्याला सोसवत नाही त्याला "वरून".

मागणी फार मोठी नाही. माझ्या त्याच पत्रकात खाली आणखी एक कोष्टक घाला. अमुक तारखेला, अमुक कलमाखाली, तुमची अमुक माहिती अमुक खात्याला दिली. झालं. चोरांवर चौकशी चालू असेल तिथे नका दाखवू, ते समजतं. पण लाभाच्या योजनांसाठी ढिगानं जाणाऱ्या माहितीत लपवण्यासारखं काय आहे? आणि त्या माहितीवरून कुणाचं काही बंद करायचं असेल तर आधी मोबाइलवर दोन ओळी: तुमच्या नवऱ्याच्या विवरणपत्रात उत्पन्न इतकं दिसतं, चूक असेल तर तीस दिवसांत कळवा. ओटीपी पाठवणाऱ्या सरकारला एवढं पाठवणं जड आहे असं मला वाटत नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 साली त्यावर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना आणखी दीड वर्षाची मुदत दिली. दुकानदाराला, कंपनीला त्यात बरीच बंधनं आहेत. सरकारला मात्र अनुदान आणि लाभ देण्याच्या कामासाठी, गुन्हे शोधण्यासाठी बऱ्याच सवलती आहेत. मी तो सगळा वाचला असं म्हणणार नाही. चाळीस-एक पानं वाचताना दोनदा डुलकी लागली. पण मी शोधत होते ती जावकची ओळ त्यात मला सापडली नाही.

न्यू जर्सीच्या भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, आमच्याकडेही तेच चाललंय. अमेरिकेत 1976 पासून करविवरण गुप्त ठेवायचा कडक कायदा आहे, निक्सननं विरोधकांची विवरणपत्रं वापरायचा घाट घातला त्यानंतर केलेला. तिथे कागदपत्रं नसलेली माणसंसुद्धा कर भरतात, कारण त्यांना सांगितलेलं असतं की कराचं खातं तुमचा पत्ता पोलिसांना देणार नाही. एप्रिल 2025 मध्ये कराच्या खात्यानं देशाबाहेर घालवणाऱ्या खात्याशी पत्ते देण्याचा करार केला. खात्याच्या तेव्हाच्या प्रमुख बाईंनी पद सोडलं. नोव्हेंबर 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या एका न्यायाधीशांनी ते थांबवलं. तिथे निदान कोर्टात जाऊन दाखवायला एक कलम होतं. आपलं 1964 मध्येच गेलं.

(भाचरांनो, तुमच्या भारतातल्या ठेवींची माहितीही 2015 च्या करारानं तिकडे जाते बरं. बँक ते एक पानी घोषणापत्र उगाच भरून घेत नाही. मागच्या वेळी कोण म्हणालं होतं की राहू दे, कुणाला कळतंय, त्यानं हे परत वाचावं.)

आता तिचं काय झालं ते. आम्ही अर्ज लिहिला, दोन प्रतींत. पगाराचा दाखला वाहतूकदारानं दोन आठवडे फिरवून दिला. पोच घेतली, त्यावर शिक्का आणि आवक नंबर आहे. सप्टेंबर 2025 मध्ये सगळ्याच बायकांना ई-केवायसी करायला सांगितलं, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार लागतो, तेही मी करून दिलं. ओटीपी यायला संध्याकाळचे सात वाजले, तोवर ती कणीक मळत बसली होती आणि मी मोबाइलकडे बघत. अर्जाचं उत्तर काही आलेलं नाही. पोच तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवली आहे.

परवा पोळ्या लाटता लाटता तिनं विचारलं, "बाई, ती 2027 ची जनगणना, त्यात मोबाइलवर लिहून घेणार म्हणतात. माणूस आला की सगळं खरं सांगायचं का?"

मी "हो" म्हटलं. म्हणायला मात्र वेळ लागला, तोवर तव्यावरची पोळी फुगून परत बसली होती.